मागच्या चाकांचं माप

फोंड्याच्या वरच्या बाजारात, इनास रिबेलोच्या दुकानासमोर
गाडी चार जॅकवर उभी,
आणि मी स्टुलावर,
समोर तबला नसला की हातांचं काय करावं
हे न कळणारा माणूस.

आठ सिलिंडर. बहात्तरचं मॉडेल. स्टिअरिंग डावीकडे.
मेहुणा तारवटी. आखातातून गाडी पाठवली,
स्वतः आला नाही.
(त्याबद्दल बहिणीसमोर बोलायचं नाही.)

इनास खडूनं फरशीवर लिहितो :
पुढे दोनशे पस्तीस, मागे दोनशे पंच्याहत्तर.
त्याखाली दुसरी ओळ : चारी दोनशे पस्तीस.
खडू कानावर ठेवून म्हणतो,
"तूंच सांग बाब. हांव फकत वारें भरतां."

माझं मन केव्हाच पहिल्या ओळीवर बसलेलं.
सगळा जन्म असमान जोडीवर काढला मी :
उजवीकडे लाकूड, तोंड साडेपाच इंचांचं,
डावीकडे तांब्याचा डग्गा, नऊ इंच रुंद.
कधी कुणी म्हणालं, दोन्ही एकाच मापाचे घ्या?
ज्याला ढकलायचं आहे त्याचा तळवा मोठा हवा.
ज्याला वळायचं आहे त्यानं सडपातळ राहावं.
आणि दिसते कशी!
मागून बोटभर उचललेली, नाक खाली,
तिहाईच्या शेवटच्या धा आधी
गवयाची मान झुकते तशी.

इनास दाद देत नाही. विचारतो,
"पूण तूं वतास खंय?"

जातो कुठं?
सोमवारी मंगेशी. अधूनमधून म्हार्दोळ.
महिन्यातून दोनदा दुर्भाटच्या फेरीबोटीनं रासई,
तिथं एक पोरगा वर्षभर झपतालातच अडकलाय.
वळणावर खुरीस, खुरसाला लागून खड्डा,
ट्रकांनी सांडलेली तांबडी माती
ओली झाली की साबण.
आणि परतणं रात्री दोनला,
मागच्या सीटवर पेटीवाला घोरत.

"आनी पंक्चर जालें जाल्यार?"

इथं मी गप्प.
डिकीत स्टेपनी एकच मावते.
पुढच्या मापाची ठेवली तर मागे उपयोगाची नाही;
लावलीच, तर एक पाय उंच, एक बुटका,
आणि डिफरन्शियल घरी पोचेपर्यंत दात खात राहणार.
मागचे दोन वर्षभरात गुळगुळीत होणार,
पुढे घेऊन त्यांना विसावा देता यायचा नाही.
डग्गा तबल्याच्या जागी बसत नाही,
हे मला कुणी शिकवायला हवं?

सावर्ड्याला एकदा डग्ग्याची पुडी फाटली, मध्यलयीत.
दुसरा डग्गा नव्हता.
उरलेली रात्र एका हातानं काढली.
लोक वा वा म्हणाले.
काय वाजलं ते मला माहीत आहे.

"चारी सारखे घाल."

इनासनं वरची ओळ चपलेनं पुसली.
त्याचा पोरगा एल्रॉय पान्हा हातात धरून हळहळला,
"अंकल, फाटल्यान ती आतां टॅक्सी दिसतली."
दिसू दे.

मग बॅलन्सिंग.
इनास रिमवर शिशाचे तुकडे ठोकतो,
फिरवतो, थांबवतो, पुन्हा एक ठोका, हलकासा.
मी गठ्ठा ठोकताना जसा श्वास धरतो
तसाच त्यानंही धरलाय.
पैसे देताना आम्ही दोघंही काही बोललो नाही.

संध्याकाळी बोरीच्या पुलाकडे निघालो.
चढावर दुसरा गिअर, पाय जरा जास्त पडला
आणि मागचा भाग सरकला,
अर्धी मात्रा,
डावीकडे,
मग आपणच जागेवर आला.

रुंद टायर असते तर हे झालं नसतं.

पुलापलीकडे गाडी वळवली.
रस्ता मोकळा आहे का पाहिलं,
आणि पुन्हा एकदा
करून बघितलं.